उजेड जरा इकडे

साखळीच्या उशांत घाडीने सहा टिपर विकले,
ही तेवढी राहिली.
खाणी थांबल्यापासून फणसाखाली उभी,
तांबडी पालिओ, सोळाशेचं इंजिन,
छपरावर चिकाचे डाग, मागच्या सीटमध्ये उंदराचं बाळंतपण.
‘ही का नाही विकली?’
‘हिचं काही येणारच नव्हतं, ताई.’
मी अकरा हजार मोजले
आणि टेंपोला बांधून ती डिचोलीला आणली.

शेजारच्या रत्नमालाबाईंना वाटलं
भंगारवाला पत्ता चुकला.

दिवसा मी वीज खात्यात, लोकांच्या मीटरचे आकडे.
रात्री जेवणं आवरली की गाडीखाली.
शाबा बॅटरी धरतो.
चोवीस वर्षांच्या संसारात या माणसाने
हवा तिथे उजेड एकदाही पाडलेला नाही.
मी दहाचा नट शोधते, तो माझं कोपर उजळतो.
मी ब्रेकचा पाइप म्हणते,
तो कोपऱ्यातल्या कोळ्याचं जाळं बघत असतो.
‘उजेड जरा इकडे.’
‘इकडे म्हणजे तुझं इकडे की माझं?’

डाव्या दाराचं अस्तर उतरवलं
तर आतून ओंजळभर तांबडी भुकटी सांडली.
रस्ता ओलांडायला पाऊण तास लागायचा, त्या दिवसांची.
तेव्हा दोरीवरचे कपडे दोनदा धुवावे लागत
आणि मी ट्रकवाल्यांच्या सात पिढ्या काढत असे
आणि आमचा भातही त्याच ट्रकांतून येत असे.
शाबा काट्यावर होता.
हीच भुकटी तो टनांत लिहायचा.
त्याने चिमूट बोटांत चोळली, हुंगली,
हात लेंग्याला पुसले.
मी ब्रशने झाडून काढली.
खालच्या फटीत थोडी उरली.
ठेवली नाही मुद्दाम. ब्रश पोचत नव्हता.

म्हापशाचा इनास रविवारची मिस्सा आटोपून येतो.
इस्त्रीचा शर्ट काढून खिडकीच्या गजाला अडकवतो
आणि बंद इंजिनाचं बराच वेळ ऐकत राहतो.
‘बाये, ही गाडी न्हय, प्रकरण हें.’
तळाच्या पत्र्याची चाळणी झालेली,
तो कापला, नवा जोडला.
टायमिंग बेल्ट पुण्याहून.
पंप कोल्हापुरात मेलेल्या एका सिएनाचा.
मागच्या दिव्याची काच कोइंबतूरच्या दंतवैद्याने पाठवली,
कापसात गुंडाळून, पैसे न घेता.
नारळ खवताना नखांत काळं दिसतं.
खोबरेल आणि साखर चोळली की निघतं,
बरंचसं.

सतरा महिने.
सगळं जागच्या जागी, आणि ठिणगी नाही.
स्टार्टर फिरतो, फिरतो, थकतो.
इनासने कॉइल बदलली. प्लग बदलले.
मग म्हणाला, नशीब,
आणि शर्ट घालून गेला.

गुरुवारी रात्री मी पुन्हा बॉनेटमध्ये वाकलेली.
शाबाची बॅटरी नेहमीसारखी भलतीकडेच,
खाली, पुलीच्या मागे, जिथे कुणाचं काही काम नसतं.
‘उजेड ज—’
म्हणेपर्यंत दिसली
सेन्सरला जाणारी तार,
उंदराने कुरतडून एका धाग्यावर ठेवलेली.
‘हलू नकोस,’ म्हटलं.
‘मी कुठे हलतोय,’ म्हणाला.

पहिली फेरी गिरणीपर्यंत. तांदळाचं पीठ आणायचं होतं.
उतारावर दुसऱ्यात टाकली,
काटा चार हजारांच्या पुढे गेला
आणि तिचा आवाज बदलला.
नुसता मोठा नाही झाला. कुणी मागून नाव घेतल्यासारखी
ती पुढे सरकली, आम्हा दोघांना सीटमध्ये दाबत.
शाबा म्हणाला, ‘हळू.’
पुढच्या वळणावर नाही म्हणाला.

गिरणीवाल्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

हॉर्न अजून वाजत नाही.
डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा जातच नाही.
आणि डावं दार आतून उघडत नाही,
दर वेळी मला उतरून, वळसा घालून
बाहेरून उघडावं लागतं.
पिठाचा डबा मांडीवर घेऊन शाबा तोवर बसून राहतो.
तेवढं दुरुस्त कर,
असं तो अजून म्हणालेला नाही.