एकोणपन्नास टक्के

नियम असा : नुकसान घराच्या किमतीच्या
निम्म्याहून जास्त असेल
तर घर उचला, खांबांवर ठेवा,
पूररेषेच्या वर आणखी दोन फूट.
नाहीतर पाडा.

लोरेटा स्टकी टेप घेऊन आली
मिझुरीकाठच्या त्या स्वयंपाकघरात.
भिंतीवर चिखलाची कड,
पट्टी लावून ओढल्यासारखी.
मागोमाग ऑर्व्हिल, मोजे ओले.

"शंभर वर्षांतून एकदा, म्हणाला होतात.
मी एकाहत्तरचा. हा तिसरा."

तिनं समजावलं नाही की शंभर म्हणजे
दर वर्षी नव्यानं उचललेली
शंभरातली एक चिठ्ठी.
रकान्यात लिहिलं : एकोणपन्नास.

मग फ्रीजमागे वाकून बघितलं.
बोट लावताच लाकूड
ओल्या पावासारखं आत गेलं.

"कॉफी?" तो म्हणाला,
"वीज नाही. थर्मासमधली आहे."

पेन अजून उघडंच.