खूणगाठ

युनिफॉर्मला पदर नसतो.
म्हणून मी गाठ मारते रुमालाला,
सकाळी पावणेसहाला, सिंहगड रोडच्या पंपावर,
मोबाईल लॉकरमध्ये टाकून
टोपी चढवायच्या आधी.
पंपावर मोबाईल चालत नाही,
त्यामुळे ऋतुजाने लावून दिलेला गजर
आत अंधारात माझ्या डब्यालाच ऐकू जातो.

गाठ कशाची? आज एक तरी गणित.

माझं गणित राहिलंय.
आपल्याकडे नापास म्हणत नाहीत, राहिलं म्हणतात,
जणू स्वारगेटच्या फलाटावर पिशवी राहिली
आणि परत गेलं की कुणीतरी म्हणेल,
ही घ्या ताई, इथंच होती.
बाकीचे विषय तेव्हाच निघाले.
हे एक सव्वीस वर्षं फलाटावर बसून आहे.
यंदा फॉर्म भरलाय. मार्चमध्ये पेपर.

आधी लॉकरच्या दारावर कागद चिकटवला होता,
जाड स्केचपेनने: वैजयंता, गणित!
तीन दिवस तो कागद ओरडला.
चौथ्या दिवशी नुसता बोलला.
दहाव्या दिवशी दाराचा रंग झाला.
मग डब्याच्या झाकणात ठेवला, तर तेल लागलं.
चपलेत ठेवला, तर टोचायला लागला,
आणि टोचतंय तर टोचू दे म्हणत
मी दोन शिफ्टा त्याच्यावर उभी राहिले.
मला कशाचीही सवय होते, हाच माझा घोळ.

परवा तर कहर.
दुपारी घाम पुसायला रुमाल काढला,
गाठ बोटांना लागली
आणि काही केल्या आठवेना, कशाची.
गॅसचा नंबर? ऋतुजाची फी? आईची बीपीची गोळी?
समोर बारा गाड्या, हातात नोझल,
मागून हॉर्न,
आणि रुमालात नुसती गाठ, निरोप नसलेली.
घाबरले मी. खरंच घाबरले.

तेवढ्यात लुनावाले करंदीकर पुढे आले.
दर मंगळवारी शंभरचं टाकतात, डायरीत लिहितात,
सहा पैशांसाठी दोनदा मॅनेजरला बोलावलंय त्यांनी.
मी सवयीने म्हटलं, काका, झिरो बघा.
ते म्हणाले, मी बघितला.
तुम्ही बघितलात का?

दिवसातून तीनशे वेळा म्हणते मी ते वाक्य.
तीनशे माणसांना शून्य दाखवते
आणि स्वतः दुसरीकडे बघते,
पुढच्या गाडीकडे, ऊनाकडे, घड्याळाकडे.
त्या दिवशी मान वळवून बघितलं.
हिरव्या काचेत ते होतं,
आधीच्या गाडीचं काहीही न ठेवता.
शंभरवर काटा थांबवला
आणि गाठ आठवली.

तेव्हापासून कागद लावत नाही.
झिरो बघा म्हटलं की मीही बघते.
तीनशेपैकी दोनशे नव्वद वेळा काही होत नाही, खोटं कशाला बोलू.
दहा वेळा मात्र काहीतरी खुट्ट होतं,
आणि चहाच्या सुट्टीत मी
हवा भरायच्या मशीनमागे
उलट्या क्रेटवर वही उघडते.

श्रेढी चालू आहे सध्या.
पहिलं पद असतं आणि सामाईक फरक.
सहा वर्षं माझ्या दिवसांचा सामाईक फरक शून्य होता,
काल ते आज, आज ते उद्या.
एक गणित सोडवलं की तो एक होतो.
शबाना विचारते, पास होऊन करणार काय तू?
प्रमोशन थोडंच आहे इथं?
मला उत्तर येत नाही.
मी तिला म्हणते, राहिलंय गं.
ती हसते, आणि पुढच्या दोन गाड्या माझ्या वाटच्या
स्वतः भरते.

रात्री धायरीला पोचले की रुमाल धुते.
गणित झालं असेल तर गाठ सोडून,
नसेल तर तशीच.

काल तशीच धुतली.
सकाळी दोरीवरून काढला तर
रुमाल कडक वाळलेला,
आणि गाठीच्या पोटात, बोटाला लागेल एवढी
ओल होती अजून.