परत येण्याचा वेळ

माझं काम आडवं होण्याचं.
लोक हसतात. बेकरीतली इंगर तर म्हणते,
बोडिल, तुला झोपायचा पगार मिळतो,
मला पहाटे तीनला उठायचाही धड मिळत नाही.

हसू दे. स्ट्रुअरच्या बाहेर, फ्योर्डच्या कडेला,
एका लांबट, बिनखिडक्यांच्या इमारतीत
अठरा वर्षं मी पाठ टेकत आले आहे.
पंधरा मिनिटं उताणी, पंधरा डाव्या कुशीवर,
पंधरा उजव्या. पालथं झोपायचे वेगळे पैसे
मी भांडून मिळवले.
खांदा किती रुतला, कंबर अधांतरी राहिली का,
कडेवर बसून मोजे चढवताना कड खचली का,
सगळं एक ते दहामध्ये लिहायचं.
बाकीचे अंथरूण पाहून पाय पसरतात,
मी पाय पसरून अंथरूण पाहते.

शेजारच्या खोलीत एक रूळ आहे,
लाकडी, सहा बाजूंचा, एकशे चाळीस किलोचा.
तीस हजार वेळा तो गादीवरून जातो-येतो.
त्याला आम्ही पाद्री म्हणतो. जड आहे, आणि थकत नाही.
पाद्रीच्या हातून सुटलेली गादी
मग माझ्याकडे येते
आणि खरं काय ते मला सांगते.

मेमरी फोम पहिल्यांदा आला तो जानेवारीत.
ट्रकमधून उतरला तेव्हा फळीसारखा ताठ,
जेवायला बसवलेल्या रुसक्या पाहुण्यासारखा.
मग अंगाची ऊब लागली तसा हळूहळू ऐकू लागला.
माझा खांदा, माझं माकडहाड,
दुसऱ्या बाळंतपणापासून जरा वाकडी बसणारी कंबर,
सगळं त्याने विचारून घेतलं
आणि कुठेच टोचलं नाही.

मग आस्गर आला. सत्तावीस वर्षांचा, हातात स्टॉपवॉच.
मी उठले, तो माझ्या आकाराकडे बघत राहिला.
खड्डा भरत गेला, खांदे आधी, कंबर शेवटी.
चार सेकंद, तो म्हणाला, उत्कृष्ट.

नाव आठवणीचं
आणि गुण विसरण्याला.
आस्गरला हे बोलून दाखवलं तर म्हणाला,
रकाना फक्त आकड्याचा आहे.

टोर्किल डेअरीत रात्रपाळीला असतो.
मी साडेसहाला निघते, तो पावणेसातला येतो.
शनिवार-रविवार सोडले तर
संसार त्या पंधरा मिनिटांच्या फटीच्या
अलीकडे आणि पलीकडे.

जुन्या स्प्रिंगच्या गादीत त्याचा एक खड्डा होता, माझा एक,
मधल्या उंचवट्यावर मांजर.
रात्री दिवा मालवण्याआधी
मी त्याच्या खड्ड्यावरून हात फिरवायचे.
सरळ असला तर झोप लागली होती,
तिरका असला तर गुडघा.
आणि मधोमध बसका असला
तर बसून राहिला होता, भावाचा फोन आला असणार.

वसंतात कंपनीने कामगारांना गादी अर्ध्या किमतीत दिली.
दहापैकी नऊ गुण मीच दिले होते, नाही कशी म्हणू?
पाठ दुखायची थांबली, हे खरं आहे.
पण त्याची बाजू सपाट. हॉटेलातल्यासारखी,
कुणाचीच नसलेली.
मांजर आठवडाभर खुर्चीवर झोपलं.

नववा रकाना आहे: उष्णता धरून ठेवते का?
ठेवत असेल तर गुण कापायचे,
गिऱ्हाइकांना घाम येतो.
मी नेहमी दोन कापते.

सोमवारी चादर बदलताना
माझ्या बाजूला, पार खाली, पायथ्याशी
टोर्किलचा मोजा सापडला.
राखाडी, टाचेला मीच रफू केलेला.

माझ्या बाजूला त्याचं काय काम?

हातात मोजा धरून बराच वेळ उभी राहिले.
पंधरा मिनिटं. इतका वेळ तर तो फोम
सहज उबदार राहतो, मीच मोजलं आहे.

मंगळवारी निघताना
मी उठलेली जागा उघडी टाकली नाही,
पांघरूण ओढून कडा खोचल्या.

आस्गर म्हणाला, नववा रकाना राहिला.
म्हटलं, राहू दे,
अजून मोजतेय.