उतारा क्रमांक तीन

आधी प्रश्न वाचा, मग उतारा,
बदमखंद बाई सांगतात. तोंडातून वाफ,
हीटर पुन्हा बंद.
अडलेल्या शब्दापाशी मुक्काम ठोकू नका,
शेजारचे शब्द सांगतील तो कोण.
घड्याळ बघा. वीस मिनिटं, तेरा प्रश्न.

उलानबातरच्या चौथ्या मजल्यावर आम्ही अकरा जण:
एक नर्स, दोन ट्रकवाले, खाणीतला हिशेबनीस,
आणि मी, उरलेल्या मेंढ्या विकून शहरात आलेली.

उतारा क्रमांक तीन. ‘स्तेपमधले पशुपालक’.
लिहिणाऱ्यानं आम्हांला बहुधा जुलैत पाहिलं.

प्रश्न सत्ताविसावा: वसंतात ते तळ का हलवतात?
अ, ब, क, ड.

आम्ही हलवला त्या वर्षी
बर्फावर काचेसारखं कवच धरलं होतं,
खुरांनी फुटेना.
बाबांनी पहाटे
उभ्या-उभ्या गोठलेल्या मेंढ्या मोजल्या,
दोनशे चाळीसनंतर
नुसत्या पाठी थोपटत गेले.
हे अ मध्ये नाही. ड मध्येही नाही.

बाई खांद्यावरून वाकल्या, पेन्सिल टेकवली:
तुला काय माहीत आहे ते नको, डोल्गोर,
उताऱ्यात काय आहे ते.
मग हळूच, आमच्या भाषेत:
आमच्याही गेल्या त्या हिवाळ्यात. सगळ्या.

ब. ‘ताज्या गवताच्या शोधात.’
गोल नीट भरला, रेघेबाहेर न जाता.
एक मार्क.

दुसऱ्या परिच्छेदातला तो अडलेला शब्द
अजून तिथंच उभा होता.
शेजाऱ्यांपैकी कुणीच सांगितलं नाही तो कोण.
मी पान उलटलं.