कारणाचा रकाना

ड्रॉनहिल प्रिसिजनमध्ये आम्ही बॉम्ब करत नाही.
आम्ही करतो एक झडप, अंगठ्याएवढी,
पितळी, देखणी. तळहातावर घेतली
तर दागिना वाटते थोडा वेळ.

पुढे ती कुठे बसते, हे विचारायचं नसतं.
बत्तीस वर्षं नाही विचारलं मी.
फोम, खोका, पट्टी, शिक्का,
आणि पगाराच्या शुक्रवारी मासे नि चिप्स,
व्हिनेगर जरा जास्त.

मग कुणीतरी छायाचित्र आणलं :
कोसळलेल्या कुठल्याशा शाळेच्या परसात
सापडलेला तुकडा, वाकलेला, काळवंडलेला,
त्यावर आमचाच क्रमांक.
शेवटचे तीन आकडे मी ओळखले,
जसं आपण ओळखतो
गर्दीत पाठमोरं आपलंच पोर.

ग्रंथालयातली युना मॅकआस्किल, दोन म्हातारे खाणकामगार
आणि हाय स्ट्रीटवरचा सिरियन न्हावी
दर बुधवारी फाटकाशी उभे राहू लागले.
समुद्रावरून चढणाऱ्या ओल्या धुक्यात
माणसं दिसायची नाहीत, थर्मासची वाफ दिसायची.
आम्ही गाडीच्या काचा वर करून आत जायचो.
रॉरी एकदा ओरडला : घराचे हप्ते तुम्ही भरणार का?
युना म्हणाली, नाही.
एवढंच. खोटं बोलली नाही,
म्हणून मला तिचा जास्त राग आला.

"आम्ही नाही केलं तर दुसरं कुणी करेल" –
युनियनच्या हॉलमध्ये हे वाक्य इतकं हाताळलं गेलंय
की त्याच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्यात.
मतं मोजली. एकसष्ट विरुद्ध एक्केचाळीस. काम चालू.
मी कुठे होतो ते विचारू नका.
बरं, विचारा.
एकसष्टांत.

इशबेल रेनी तपासणीच्या खोलीत बसते.
केसाच्या दहाव्या हिश्श्याचा फरक
यंत्राआधी तिच्या बोटांना कळतो.
तिच्या हाती सत्ता एकच : लाल चिठ्ठी.
ती लागलेला नग पुढे जात नाही,
मालक स्वतः आला तरी. नियमच आहे तसा.

त्या सोमवारी चारशे ऐंशी नग होते.
एकातही खोट नव्हती.
तिनं एकेकाला चिठ्ठी बांधली, चहाला न उठता,
आणि 'नाकारण्याचं कारण' या रकान्यात
प्रत्येकीवर तेच लिहिलं, शाळकरी वळणदार अक्षरात :
माप बरोबर. पत्ता चुकीचा.

ट्रॉली माझ्याकडे आली तेव्हा खोका उघडाच होता.
मी काही धीर दाखवला नाही.
झाकण लावलं नाही, इतकंच.

गुरुवारी तिला घरी बसवलं.
शुक्रवारी दुसऱ्या गावाहून तपासनीस आला,
कात्रीनं चिठ्ठ्या कापत बसला, दोरे जमिनीवर.
सोमवारी माल बंदरात. जिंकलो बिंकलो असं काही नाही.
बेकरीवाल्या एफीनं कॅन्टीनचे पाव बंद केले, तीन आठवडे,
मग पुन्हा सुरू केले. भट्टीचं बिल तिलाही येतं.
रॉरी इशबेलशी बोलत नाही.
पण अंधार पडला की तिच्या दाराशी
बटाट्यांची पिशवी ठेवून येतो,
आणि विचारलं तर कानांवर हात.

खाल्ल्या मिठाला जागावं, आई म्हणायची.
जागतोय.
रात्री तीन वाजता, छताकडे बघत.

नव्या चिठ्ठ्या छापून आल्यात.
त्यांत कारणाचा रकानाच नाही.
काल ट्रॉलीवर एक दिसली, लाल, एकटीच.
इशबेल तर घरी आहे.
अक्षर ओळखीचं नव्हतं,
समासात, आडवं, पेन्सिलीनं :
पत्ता
आणि पुढे कागद संपलेला.