चोविसावं

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
गंजक्या कुलपांच्या ढिगाखाली मिळालं ते पहिलं.
चाप मोडका, निकेल उडालेलं,
पोटावर उठावाची अक्षरं : व्हिटकोम, ओहायो.
ऐंशी रुपये म्हणाला. दिले.
घासाघीस करावी हे सुचलंच नाही.

त्याला एकोणीस वर्षं झाली.
दुकानाच्या माळ्यावर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत
आता तेवीस आहेत.
वेंगुर्ल्याचा वारा कुणाला सोडत नाही,
सायकलच्या रिंगा, शाळेची घंटा,
मी दुरुस्त करतो त्या घड्याळांचे काटेसुद्धा,
म्हणून प्रत्येक डब्यात चुन्याची कळी, फडक्यात बांधून.
खोबरेल लावत नाही, ते पुढे चिकट होतं.
सुईच्या टोकानं घड्याळाचं तेल,
एक थेंब बिजागरीला, एक घोड्याला.

घोडे दोन असतात या पिस्तुलाला.
एक अंगठ्यानं ओढायचा.
दुसरा मुठीवर, पांढऱ्या प्लास्टिकमध्ये,
आयाळ उडवत कुठंतरी निघालेला
आणि साठ वर्षं तिथंच.

टिकल्या आणायला गेलो की सामंतांचा पोरगा
कपाळाच्या टिकल्यांचं पाकीट पुढे करतो.
मुद्दाम करतो.
मालनला ठाऊक आहे. ती म्हणते, दोन्ही आणा.

खरं सांगायचं तर तेवीस नको होती.
एकच हवं होतं,
इनास लोबोचं.
त्याचा बाप बस्त्याव बोटीवर,
आणि आम्ही दिवाळीतल्या पत्र्याच्या पिस्तुलांचे धनी,
भाऊबीजेपर्यंत चाप वाकायचा.
इनासनं ते माझ्या तळव्यावर ठेवलं
आणि हात खाली गेला.
एका बाराला सात काजूबिया, त्याचा दर.
त्या मे महिन्यात मी एकोणपन्नास दिल्या.

पुढे इनासही बोटीवर गेला.
पहिली दोन वर्षं पत्रं,
मग नुसती नाताळची कार्डं,
मग पत्ता नसलेलं एक.

गेल्या मार्गशीर्षात कार्मेलीनबाईंचा निरोप आला.
इनासची थोरली बहीण, पंचाहत्तरीच्या.
पिस्तूल आसा, येवन बघ.
आठ हजार पाकिटात घातले, मालनला न सांगता,
आणि वर आणखी दोन.

पेटारा. डांबरगोळ्या.
पहिल्या कम्युनियनच्या पिवळ्या पडलेल्या झग्यात
गुंडाळलेलं.
मुठीवरच्या घोड्याच्या कानाचा टवका उडालेला.
तेच.
वरचा घोडा ओढला. सैल. स्प्रिंग गेलेली.
मी खिशातून पाकीट काढलं.

“विकतंय म्हणान कोणी सांगल्यान तुका?”

मग झगा घडी घालत,
“पपान ता माका हाडल्यान. इनास नुसतो पळवी.”
आणि घडी संपल्यावर,
“आनी तुमच्या काजी खाय.”

पडवीत बसून एका मेलेल्या गजराची स्प्रिंग कापली,
वाकवली, बसवली.
पाऊण तास लागला.
काम नाजूक नव्हतं, मीच सावकाश केलं.

अंगणात जाळ्यावर बांगडे वाळत होते.
टिकल्यांची गुंडाळी माझ्याच खिशातली, मीच भरली.
बाईंनी पिस्तूल एका हातात घेतलं,
दुसऱ्यानं चष्मा वर सरकवला.

फट्.

माडावरचे उठले, कौलांवरचे उठले,
कुंपणाजवळच्या क्रुसावर बसलेला एक
जरा उशिरा उठला.
त्या हसल्या नाहीत.
पुन्हा ओढला. पुन्हा.
जळका लाल कागद त्यांच्या मनगटावरून
लोंबत लांब लांब होत गेला.
अख्खी गुंडाळी संपेपर्यंत
मी एक बार मागितला नाही.
माझ्याकडे बिया नव्हत्या.

“कितके झाले?”
तीस म्हणालो. त्यांनी तीसच दिले,
सुटे, मोजून.

रात्री वही काढली.
चोवीस आकडा बरीच वर्षं घालून ठेवला होता,
पुढे रेघ मोकळी.
तिथं लिहिलं : स्प्रिंग बदलली. तीस रुपये.

मालन पानं घेत होती.
म्हणाली, तुमच्या हाताला दारूचा वास येतोय.

येत होता.