वळसा

म्हसरूळच्या टाकीवरून गिरणारे दिसतं,
कागदावर. पेन्सिलीची रेघ, बारा किलोमीटर.
दुर्बिणीत मात्र तुळसाबाई गांगोडेंचं जांभूळ,
नुसतं हिरवं.

"वरच्या दोनच फांद्या," मी म्हणालो.
"आणि पुढल्या साली?"
सुपातला भात पाखडत त्या म्हणाल्या.

रेघ खोडली.
दुगावच्या शाळेच्या गच्चीवर एक डिश वाढवली,
खर्च मालकाला अजून सांगितलेला नाही.
पण रिंग जुळली:
एक दुवा तुटला, तर उलट्या बाजूनं
येईल सगळं, जरा उशिरा.

रात्री अडीचला
रामशेजच्या पायथ्याची आशेवाडीची लिंक पडली.
फोन मांडीवर घेऊन उजाडेपर्यंत बसलो.
कुणाचाच आला नाही.